मुकादमाला काम हवं

टेलरबाई, तुमच्या तोंडावर तुमच्याबद्दल चांगलं बोलायची सोय नाही. लगेच "पुरे, कपडा दाखवा" म्हणता. म्हणून हे लिहून पाठवते आहे, तेही कुणा तिसऱ्याच बाईची हकीकत सांगावी तसं. मधे तोंड घालू नका. काही चुकलं असेल तर नंतर भांडा.

तर, एक टेलरबाई होत्या. रस्त्याला लागून असलेल्या पुढच्या खोलीत त्यांचं दुकान. नवरा गेला तेव्हा मुलगा पाटीवर अक्षरं गिरवत होता; तेव्हापासून ते घर शिलाई मशीनवर चाललं. नवे कपडे त्या फार शिवत नसत. दुरुस्तीत हात बसलेला. कोटाचं अस्तर बदलायचं, पँटची कंबर सैल करायची, गणवेशाची मुडपलेली कड सोडून मुलाचं आणखी एक वर्ष निभावून द्यायचं. आणि हे सगळं चालू असताना खांद्यावर लाल शेपटीचा करडा पोपट. एक गिऱ्हाईक परगावी जाताना 'थोडे दिवस सांभाळा' म्हणून ठेवून गेलं, ते परत फिरकलंच नाही.

पक्की शिलाई झाली की आधीचा कच्चा दोरा ओढून काढावा लागतो. बाई एका टोकाला लागल्या की पोपट दुसऱ्या टोकाला लागायचा. चोचीनं दोरा अलगद उचलायचा, ओढायचा, बाजूला टाकायचा, आणि एखादा कुठे राहिला असेल तर काम बाईंच्या हातातून जाऊ द्यायचा नाही. म्हणून त्याचं नाव मुकादम. गिऱ्हाइकं कपडा घेऊन झाल्यावरही त्याचं काम बघत उभी राहायची.

मग बाईंच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं. मुलगा प्रेमळच, म्हणाला, आई, आयुष्यभर राबलीस, आता आराम कर. दुकान बंद झालं. मशीनवर चादर पडली, पुढच्या खोलीत त्याची मोटरसायकल आली आणि मुकादमाचा पिंजरा मागच्या गॅलरीत, कपडे धुण्याच्या मशीनशेजारी गेला. आराम दोघांनाही मिळाला, एकाला विचारून आणि दुसऱ्याला न विचारता. खरं तर दोघांनाही न विचारताच.

महिनाभरात पिंजऱ्याखाली पिसं दिसू लागली. आधी कापसासारखी बारीक, मग मोठी. छाती उघडी पडली, मांड्या उघड्या पडल्या. चोच पोचत नाही ते डोकं तेवढं शाबूत. सोललेल्या कोंबडीवर कुणी पोपटाचं डोकं बसवावं, तसं ध्यान. सून हातातलं काम टाकून "अरे, नको ना रे" म्हणत धावायची, तिच्यामागे बाई धावायच्या. पुढे पुढे तो आधी मान वाकडी करून कोण बघतंय ते पाहायचा आणि मगच पीस उपटायचा.

बाईंनी विचार केला, उघड्याला कपडा शिवणं हे तर आपलंच काम. जुन्या मोज्याचं मऊ जाकीट बेतलं, पंखांना जागा ठेवली, पाठीवर गाठ मारून टाका बंद केला. सकाळी घातलं. दुपारी जाकीट चिंध्या होऊन खाली पडलेलं, आणि मुकादम उरलेली पिसं उपटायला लागलेला. टाका कुठून सुटतो हे त्याला बाईंनीच तर शिकवलं होतं. त्या स्वतःवरच इतक्या हसल्या की सून घाबरून पाणी घेऊन आली.

मग पक्ष्यांच्या डॉक्टरीणबाई झाल्या. त्यांनी रक्त तपासलं, कातडी पाहिली, उवा नाहीत, रोग नाही म्हणाल्या. दिवसभर हा काय करायचा, असं विचारल्यावर बाईंनी कच्च्या दोऱ्याचं कौतुकानं सांगितलं, तर त्यांनी कपाळाला हात लावला. दोरा पोटात गेला असता, पायाला आवळला असता, नशीब तुमचं. पण हा रिकामा बसलाय, कंटाळलाय, एवढं नक्की. त्याला फाडायला कागद द्या, कणसाची सालं द्या, अंघोळ घाला, माणसांत ठेवा. आणि उपटायला लागला की धावू नका, त्याला ते बक्षीस वाटतं. पिसं परत येतीलच असं मात्र नाही.

एवढं सगळं मुलाला कटकटीचं वाटलं. आलागेला विचारतो, याला काय झालंय, काय उत्तर द्यायचं? त्यानं एका ओळखीच्या हॉटेलवाल्याशी बोलून ठेवलं. त्याच्या हॉटेलात पक्ष्यांचा मोठा पिंजरा होता. रविवारी तो माणूस भोकं पाडलेलं खोकं घेऊन दारात हजर झाला.

बाईंनी त्याला चहा दिला. खोकं पाहिलं, चांगलं आहे म्हणाल्या. मग विचारलं, "आमच्या मुकादमाला तुमच्याकडे काम काय?"

तो हसला. "पोपटाला कसलं काम, आजी? बसायचं. लोक बघतील."

"मग न्यायचं कारण नाही. बसवूनच त्याची ही गत झालीय, आणि माझी व्हायची बाकी आहे."

मुलगा म्हणाला, "आई, पाहुण्यांसमोर तमाशा नको."

"तमाशा नाही, जागा हवीय. तुझी गाडी बाहेर काढ."

मुलगा हलला नाही. बाईंनी पदर खोचला आणि स्वतःच हँडलला हात घातला. गाडी तसूभर सरकली. हॉटेलवाला बिचारा भला माणूस. म्हाताऱ्या बाईची ओढाताण त्याला बघवेना. त्यानं मागून रेटा दिला. मोटरसायकल रस्त्यावर, खोकं रिकामं, आणि ज्यानं पोपट न्यायचा त्यानंच दुकान मोकळं करून दिलं. मुलगा दोन दिवस आईशी बोलला नाही. तिसऱ्या दिवशी दिव्याचा मोठा बल्ब आणून लावला.

आता दुकान सकाळी उघडतं. बारीक काम बाई घेत नाहीत, मोठ्या टाक्याचं घेतात, आणि नजर पोचत नाही तिथे "नाही जमणार" म्हणतात. मशीनशेजारी मुकादमाची दांडी, तिला कागदाच्या झिरमिळ्या बांधलेल्या. त्या शिवतात, तो फाडतो. उपटायचं बरंच कमी झालंय. पंखांवर थोडी पिसं आली. छाती उघडीच राहिली, आणि तशीच राहणार असं दिसतंय. नवं गिऱ्हाईक नाक मुरडून विचारतं, याला काही आजार आहे का? बाई म्हणतात, आहे, कामाचा. तुम्हाला नाही ना, मग झालं तर.

आणि टेलरबाई, तुम्ही मला एक काम सांगितलं होतंत. फोटोवाल्याकडे जाऊन दुकानात लावायला तुमचा नि मुकादमाचा फोटो काढून घ्यायचा, मी बरोबर यायचं. मी म्हटलं, जरा पिसं येऊ देत. तुम्ही म्हणालात, पिसांची वाट बघायची नाही, आहे तसा काढायचा. मंगळवार ठरला. मंगळवारी तुमच्याकडे पडद्यांचा ढीग आला, पुढच्या मंगळवारी माझा गुडघा धरला, आणि नंतर तुम्ही विचारलं नाही नि मीही विषय काढला नाही. भिंतीवर फोटोसाठी ठोकलेला खिळा तेवढा आहे.