सवतीची अशरफी

देवळीच्या बाबाराव सोनारांना एकच खूळ होतं: सोन्याच्या संस्थानी मोहरा. संस्थानं खालसा होऊन पाचेक वर्षं झाली होती. बाया गळ्यातली जुनी नाणी मोडीत आणत. बाबाराव तेवढंच सोनं देऊन नाणं ठेवून घेत, त्याची कडी हलक्या हाताने उतरवत आणि मखमलीच्या डबीत मांडत. हैदराबादची चारमिनारवाली अशरफी त्यांच्याकडे अर्धी होती, पाव होती. पूर्ण तेवढी डबीत नव्हती. ती होती बायकोच्या, कोकिळेच्या, गळ्यात.

कोकिळा दुसरेपणाची. पहिली तानाबाई तापाने गेली, तिचीच ही अशरफी. कडी लावून ती नव्या नवरीच्या गळ्यात बांधली होती. रीतच तशी: गेलेल्या सवतीचा जीव नाण्यात बसवायचा, रोज त्याला कुंकू लावून मगच घास घ्यायचा, म्हणजे ती घरात फिरकत नाही. असलं नाणं सोडवू नये, हे सोनाराच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. पण हौसेला मोल नाही म्हणतात. बाबारावांच्या हौसेला भीतीही नव्हती.

"कडी झिजली व, नवी लावून देतो," म्हणून त्यांनी अशरफी मागून घेतली. कडी उतरवली, तिच्या जोडाचा डाग घासला. नाणं डबीत गेलं.

कोकिळा आजारी पडली नाही की घुमली नाही. एके दिवशी ती डाव्या हाताने पिठलं घोटायला लागली. डावखुरी होती ती तानाबाई! बाबारावांच्या अंगावर सर्रकन काटा आला. आणि खोटं कशाला बोला, त्यांना बरंही वाटलं. तानासाठी हा माणूस फार रडला होता.

एका दुपारी कोकिळा घाबरीघुबरी दुकानात आली. "माह्या मायचं नाव मले आठवून नाई राह्यलं. ते नाणं देऊन द्या ना."

"देतो," बाबाराव म्हणाले. दिलं नाही.

पुढे तिची आई लीलाबाई गिरडहून भेटायला आली. दारात कोकिळेने तिला विचारलं, "कोन पायजे, बाई?"

म्हातारीने लेकीचा रिकामा गळा पाहिला आणि तशीच दुकानात शिरली. "जावईबापू, माही पोर मले वापस द्या. बांधा ते नाणं!"

बाबारावांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यांनी अशरफी काढली, कडी जुळवली, फुंकणी तोंडाला लावली.

तेवढ्यात आतून हाक आली. "अवो, भाकर थंडी होऊन राह्यली." आवाज तानाबाईचा होता.

बाबारावांनी फुंकणी खाली ठेवली.

"आलो, ताने," ते म्हणाले आणि लीलाबाईकडे न बघता आत गेले.