गोवा आणि केरळच्या मधल्या बाई

“हलू नको रे मेल्या, गोवा जाईत!”

आमच्या केंद्रातल्या बाईंचं हे वाक्य ऐकून नवखा माणूस घाबरायचा. तुम्हीही घाबरला असतात. पण गोवा कुठेही जात नसे. टेबलावर दोन लॅपटॉप समोरासमोर तोंडं करून ठेवलेले असत. एकात गोव्याचा संशोधन गट, दुसऱ्यात केरळचा. मधून कुणी गेलं, की केरळला गोव्याऐवजी त्याचं पोट दिसायचं. माझं पोट तर असं, की त्यामागे गोव्याबरोबर अर्धं कारवारही झाकलं जायचं.

झालं होतं असं, की गोव्याच्या कार्यालयात व्हिडिओ बैठकीची एक व्यवस्था आणि केरळात दुसरीच. दोन्हीकडच्या नियमांत परक्या व्यवस्थेला मज्जाव. मालवणजवळच्या आमच्या चिमुकल्या मत्स्य संशोधन केंद्राला मात्र नियम लावण्याइतकंही कुणी विचारत नव्हतं, म्हणून आमच्याकडे दोन्ही व्यवस्था सुखाने नांदत होत्या. बाई म्हणाल्या, “दोघांका समोरासमोर बसवया. पोरगी बघूक येतत तेव्हा काय वेगळां करतत?”

पहिल्या दिवशी दोन्ही यंत्रं एकमेकांचा आवाज ऐकून अशी किंचाळली, की समुद्रातल्या होड्या वादळाचा इशारा समजून परत फिरल्या. निदान मी तरी लोकांना असंच सांगतो. बाईंनी घरून उशी आणून मधे आडवी ठेवली. किंचाळणं थांबलं, पण बोलणंही अर्धंच पलीकडे जाऊ लागलं. उरलेलं अर्धं बाई टेबलाच्या कडेला बसून, कुणालाही न दिसता, स्वतः पोचवायच्या.

आणि कसं पोचवायच्या! गोव्याच्या गटाचे प्रमुख डॉक्टर तापट, केरळचे त्यांच्याहून तापट. एकदा गोव्याचे गरजले, “हे आकडे कचऱ्यात टाका!” केरळच्यांनी विचारलं, “काय म्हणाले?”

“तुमच्या आकड्यांवर त्यांना निवांत बोलायचंय,” बाई म्हणाल्या.

हसू दाबायला मी ती उशी उचलून तोंडावर धरली, आणि यंत्रं पुन्हा किंचाळली.

एकदा मी विचारलं, “बाई, ह्येंच्या भांडणात तुमका काय गावता?”

“मेल्या, गोव्याकडे कालवांची पिल्लां आसत. केरळाक ती दोरयेर वाढवूक येतत. आणि माझी खाडी रिकामी आसा.”

बाई खाडीकाठच्या. लहानपणी आईबरोबर ओहोटीला खडकांना चिकटलेली कालवं, म्हणजे खायचे शिंपले, काढायला जायच्या. आता ते खडक बोडके झाले होते. निवृत्तीआधी त्या खाडीत पुन्हा कालवं धरलेली बघायची, एवढाच त्यांचा ध्यास. प्रत्येक बैठकीत मालवणचा विषय सगळ्यांत शेवटी असे, आणि तो येण्याआधीच वेळ संपे. बाई दोन्ही लॅपटॉप मिटत म्हणायच्या, “पुढच्या खेपेक.”

असं करता करता निवृत्तीचा महिना आला. त्या बैठकीत बाई मधेच उठल्या आणि दोन्ही लॅपटॉप त्यांनी स्वतःकडे वळवले. गोव्याला केरळ दिसेना, केरळला गोवा दिसेना. दोघांनाही दिसली निळ्या साडीतली एक बाई, हातात रिकामे शिंपले चिकटलेला खरबरीत धोंडा घेतलेली.

“आपण कोण?” गोव्याच्या डॉक्टरांनी विचारलं.

“मी मधली. इतकी वर्षं तुमचं बोलणं पोचवलं. आज माझं ऐका.”

बाईंचा आवाज एरवी असा, की यंत्रं बंद ठेवली असती तरी केरळात ऐकू गेला असता. त्या दिवशी मात्र त्या हळू बोलल्या. खाडीचं पाणी, त्यातला खारटपणा, आईची कालवं काढायची कोयती, सगळं एकाच दमात. शेवटी गोव्याचे म्हणाले, “पिल्लं आम्ही देऊ.” केरळचे म्हणाले, “दोऱ्या आम्ही पाठवू, पद्धतही शिकवू.”

बाई माझ्याकडे वळल्या. “आयकलंस मां रे?” डोळ्यांना पदर लावलेला होता.

दोऱ्या खाडीत सोडल्या, त्या दिवशी निवृत्त बाई होडीच्या टोकाला बसून आम्हा सगळ्यांवर ओरडत होत्या. पावसाळा सरला, तापाचं निमित्त झालं आणि बाई गेल्या.

पुढे गोवा आणि केरळ एकाच व्यवस्थेवर आले. आता सगळे आपापल्या चौकोनात स्वच्छ दिसतात, स्वच्छ ऐकू येतात आणि स्वच्छ भांडतात.

मध्यंतरी ते दोघे डॉक्टर मालवणात आले. आयुष्यात पहिल्यांदाच एकमेकांच्या समोर उभे राहिले. ओहोटीला मी त्यांना होडीतून खाडीत नेलं आणि एक दोरी वर ओढली. मी वाढवून सांगणारा माणूस, पण इथे वाढवायला जागाच नाही. दोरी दिसतच नव्हती, इतकी कालवं धरली होती.

गोव्याचे डॉक्टर केरळच्यांकडे बघून काहीतरी बोलायला गेले, आणि थांबले. केरळच्यांचंही तसंच झालं. मग दोघेही माझ्याकडे बघू लागले. मला इंग्रजी येतं, मालवणी येतं, थापा तर येतातच. पण ह्याच्या मनातलं त्याला कसं पोचवावं, ते काही केल्या सुचेना.

दोरीतून पाणी ठिबकत राहिलं. माझे हात भरून आले, तरी मला ती पाण्यात सोडवेना.