गंगाबाईच्या आठ घागरी

“साहेब, गुरुवारच्या बाजारी ही डुकरं इकून टाकते मी!” गंगाबाईनं रिकामी घागर माझ्या पायापाशी आदळली. “दिसाला चार घागरींत ह्यांचं भागायचं, आता आठ लागायल्यात. मानसांनी काय प्यावं?”

मुरुडजवळचं गाव. लातूर जिल्हा नुकताच वेगळा झालेला, ऑफिसात धड खुर्च्या नव्हत्या, आणि त्यात दुष्काळ. मी जनावरांचा डॉक्टर. नव्या जिल्ह्यात काहीतरी करून दाखवायची माझ्या वरच्या साहेबांना घाई, म्हणून गावठी डुकरांना भुईमुगाची पेंड वाटायची योजना निघाली. पेंडीत प्रोटीन भरपूर, त्यानं अंग भरतं. रोज किती द्यायची त्याचा चार्ट मीच गंगाबाईच्या दाराला चिकटवला होता.

ती एकटी बाई. पाच काळी डुकरं हाच तिचा संसार, आणि त्यातली एक मादी गाभण. ती मादी गेली की सगळं संपलं. दुष्काळात पुन्हा कुठून उभं करणार?

“पेंड आली तवापासून ह्यांची तहान वाढली,” ती म्हणाली. हे तिनं पहिल्या आठवड्यातही सांगितलं होतं. तेव्हा मी म्हणालो होतो, “उन्हाळा आहे, बाई.”

ताप बघितला. नव्हता. हगवण नव्हती. पेंडीत मीठ जास्त असेल म्हणून चिमूटभर जिभेवर ठेवली. खारट नव्हती. मला काही सुचेना. गुरुवार तीन दिवसांवर. उगाच गोठ्याभोवती फेऱ्या मारत होतो, तर बूट रुतला.

गावभर धूळ आणि इथंच चिखल! डुकरांच्या मुताचा चिखल.

हात्तिच्या! माझीच अक्कल शेण खायला गेली होती. गरजेपेक्षा जास्त प्रोटीन शरीर साठवत नाही, मोडून लघवीवाटे टाकतं. टाकायला पाणी लागतं. माझा चार्ट होता भराभर वाढणाऱ्या पांढऱ्या विलायती डुकरांचा. गावठी डुक्कर सावकाश वाढतं, त्याला तेवढं प्रोटीन लागतच नाही. मी टँकरचं पाणी पेंडीतून मातीत घालवत होतो.

चार्ट फाडला. पेंड एक तृतीयांशावर आणली, बाकी ज्वारीचा कोंडा. गाभण मादीला मात्र थोडी तुरीची चुनी, म्हणजे डाळ भरडल्यावर उरतो तो चुरा, कारण पोटातल्या पिल्लांना प्रोटीन हवंच.

“बाजार एक आठवडा थांबव, गंगाबाई.”

“पानी न्हाई घटलं तर?”

“मग मीच पाणी आणून देईन.”

बोलून बसलो, आणि झोप उडाली. मादी खंगली तर? रोज सायकल हाणत जायचो, आधी तिच्या फासळ्या चाचपायचो, मग घागरी विचारायचो. दुसऱ्या दिवशी सात. बुधवारी सहा. गुरुवारी मी पोचलो तर गोठ्यात पाचही डुकरं. जीव भांड्यात पडला. पुढच्या आठवड्यात घागरी चारवर आल्या.

त्याच दिवशी साहेब जीपनं आले.

“चार्ट कुठाय?”

“फाडला, सर. तो पांढऱ्या डुकरांचा होता.”

“वरून आलेला कागद फाडलास?”

“वरून पाणी यायला हवं होतं, सर. कागदच आला.”

साहेब लालबुंद झाले. तेवढ्यात गंगाबाईनं घागर पुढं केली. “आधी पानी घ्या, साहेब. आता हाय घरात.”

साहेब पाणी प्यायले. महिन्याच्या अहवालात ‘पेंडीची बचत’ म्हणून हेच त्यांनी स्वतःच्या नावावर लिहिलं.

मादी व्याली. सात पिल्लं, सातही जगली. बघायला गेलो तेव्हा गंगाबाई हसत म्हणाली, “पहिल्याच आठवड्यात ऐकलं असतं तर, साहेब?”

मी वाकून पिल्लं पुन्हा मोजू लागलो.

तेव्हापासून खुराक लिहिण्याआधी पाणी कुठून येतं ते विचारतो. आणि जनावर पाळणारी बाई बोलत असली की गप्प बसतो. यातलं दुसरं शिकायला मला जास्त वर्षं लागली.