मिठातून आलेल्या गाड्या

आमच्या गॅरेजात किस्से कसे साठतात, ते सांगतो. गाडी लिफ्टवर चढली की मालकाला काही कामच उरत नाही. एरवी फोनवरून मान वर न काढणारा माणूस आपली लाडकी गाडी डोक्यावर टांगलेली बघत खाली उभा राहतो, आणि हळूहळू बोलायला लागतो. ज्या गोष्टी बायकोला सांगितलेल्या नसतात, त्या मला सांगतो! मी आपला ‘हो, हो’ करत जॉब कार्ड भरत असतो.

गॅरेज कुवेतमधल्या शुवैखला. काम फक्त स्पोर्ट्स कारचं. इथली मुलं शिकायला कॅनडा-अमेरिकेला जातात, तिकडे गाडी घेतात आणि परत येताना ती जहाजाने आणतात. तिकडे हिवाळ्यात बर्फ वितळावा म्हणून रस्त्यावर मीठ टाकतात. ते मीठ गाडीच्या पोटाला चिकटतं आणि लोखंड खात सुटतं. ते खरवडायचं, धुवायचं, खालून नवा थर मारायचा, यात आमचा हातखंडा. अशा गाडीला आम्ही ‘मिठातली’ म्हणतो.

आम्ही तिघं मराठी. गिऱ्हाइकांशी बोलणारा मी, मिलिंद, नाशिकचा. गाडीखाली काम करणारा सावंत, शिरोड्याचा. आणि वायरिंग बघणारा बापट, पुण्याचा.

*

सावंताची एक खोड आहे. मिठातली गाडी वर गेली की तो पहिल्यांदा तिच्या पोटावरून बोट फिरवतो आणि ते जिभेला लावतो.

एकदा एक सुटाबुटातला मालक शेजारीच उभा होता. तो इतका दचकला की त्याने मलाच विचारलं, “हा माझी गाडी खातोय का?”

सावंत थुंकला आणि म्हणाला, “ह्या मीठच आसा. पण कडू. आमच्या शिरोड्याचा मीठ ह्याच्यापरीस गोड!”

शिरोड्याला मिठागरं आहेत. सावंताचं बालपण त्या पांढऱ्या ढिगांमधून पळण्यात गेलं.

मी म्हटलं, “अरे, मीठ कधी गोड असतं का?”

सावंताने बोट फडक्याला पुसलं. “इतकी वर्सां परमुलखात ऱ्हवलंस, आणि माकाच इचारतंस?”

*

माझं काम नेमकं काय, हे आईला समजावून सांगायला बरीच वर्षं गेली. एकदा व्हिडिओ कॉलवर कॅमेरा फिरवून तिला गाडीचं पोट दाखवलं. पांढरी पुटं, खाली पडलेला मिठाचा चुरा, सगळं.

“हे सगळं मीठ? आणि ते रस्त्यावर टाकतात?”

“हो. ट्रकच्या ट्रक.”

आमच्याकडे म्हणतात, सांडलेलं मीठ मेल्यावर पापण्यांनी उचलावं लागतं. आईने कपाळाला हात लावला. मग म्हणाली, “अरे देवा! मग त्या कॅनडावाल्यांचं वर गेल्यावर कसं रे होणार?”

मी हसलो, बापट हसला. आई काही हसली नाही. तिने लगेच पुढचं विचारलं, “तू कधी येतोयस?”

*

बापट. या माणसाला कुवेतचा उन्हाळा कधी मानवलाच नाही. मे महिना लागला की तो चिडचिडा होतो.

थंड देशातून आलेल्या गाड्यांच्या सीटमध्ये हीटर असतो. तो चालतो का, हे तपासणं बापटाचं काम. एका दुपारी बाहेर नुसती आग ओतत होती आणि बापट कुठे सापडेना. शेवटी एका काळ्या गाडीत दिसला. काचा बंद, एसी फुल्ल, सीटचा हीटरही फुल्ल. अंगावर गाडी पुसायचं मोठं फडकं शालीसारखं गुंडाळलेलं, डोळे मिटलेले.

मी काचेवर टकटक केली. त्याने काच बोटभर खाली घेतली.

“काय चाललंय?”

“डिसेंबर!” बापट म्हणाला. “पर्वतीच्या पायऱ्या चढतोय. मुलगी पुढे पळालीय. डिस्टर्ब करू नकोस!”

आणि काच वर घेतली.

*

आता कुलकर्णी. हा आपलाच माणूस. बँकेत मोठ्या हुद्द्यावर, राहायला बनेद अल-गारला. कॉलेजच्या हॉस्टेलमध्ये याच्या पलंगामागच्या भिंतीवर एका लाल स्पोर्ट्स कारचं पोस्टर होतं. तीच गाडी, त्याच रंगात, जुनी, अमेरिकेहून आलेली, त्याला इथे मिळाली. घेतली आणि मग आमच्याकडे दाखवायला आणली. उलटं करायला हवं होतं!

बायको वैदेही आणि छोटी मुलगीही बरोबर होत्या. गाडी अशी चकचकीत की आम्ही हातातलं काम सोडून बघायला आलो. लिफ्ट वर गेली. सावंताने स्क्रू-ड्रायव्हरने खालून जरा टोचलं, तर तो सरळ आत गेला. फ्लोअर पापडासारखा कुडकुडीत.

सावंताने तो हळूच बाहेर काढला. शेवटी वैदेहीवहिनीच म्हणाल्या, “वरून कीर्तन, आतून तमाशा!”

सगळे हसले. कुलकर्णीही हसला, पण त्याचा चेहरा बघवेना. मुलीने त्याचा शर्ट ओढला, “बाबा, इज इट डेड?”

“नो बाळा. स्लीपिंग.”

गाडी रस्त्यावर आणण्यासारखी नव्हतीच. ती त्यांच्या बिल्डिंगच्या बेसमेंटमध्ये उभी आहे. संध्याकाळी बँकेतून आला की कुलकर्णी खाली जाऊन थोडा वेळ तिच्यात बसतो. वहिनी सुरुवातीला वैतागायच्या.

परवा मी त्यांच्याकडे गेलो होतो. बेसमेंटमध्ये बघतो तर दोघंही आत! इंजिन बंद. याचे हात स्टिअरिंगवर, वहिनींच्या मांडीवर चहाचा थर्मास.

मी वाकून विचारलं, “काय वहिनी, कुठे निघालात?”

“खंडाळ्याला. आता यांच्याशी बोलू नका,” वहिनी हळूच म्हणाल्या, “घाट लागलाय.”

*

फहाद नावाचं एक कुवेती गिऱ्हाईक आहे. करड्या रंगाची जबरदस्त गाडी. हा ऐन ऑगस्टमध्ये आला आणि बर्फात चालवायचे टायर मागायला लागला!

मी म्हटलं, “फहाद, बाहेर रस्त्यावर अंडं फोडलंस तर ऑम्लेट होईल.”

“इन्शाल्लाह, डिसेंबर,” तो म्हणाला. गाडी जहाजाने युरोपात पाठवायची, आणि बर्फातल्या डोंगरांतून एकट्याने चालवायची. लहानपणापासून डोक्यात तेवढंच.

टायर आले. डिसेंबर आला. फहाद गेला नाही. त्याच्या आईला डायलिसिस सुरू झालं होतं. पुढच्या वर्षीही तेच. त्याच्या पुढेही तेच. टायर आमच्याच माळ्यावर पडून. शेवटी मी सांगितलं, “यांचं रबर आता कडक झालं. फेकून दे.”

“ठीक. नवीन मागव.”

नवे टायर आले, त्या दिवशी आई त्याच्याबरोबर गाडीत होती. फहाद ऑफिसात गेल्यावर तिने काच खाली करून मला हाक मारली. जुन्या माणसांना इथे बरं हिंदी येतं.

“मेरे को बोलता है, बरफ में क्या रखा है,” ती म्हणाली. “झूठ बोलता है। इसको भेजो। मैं नहीं मरती!”

त्या डिसेंबरला त्याची बहीण आईपाशी येऊन राहिली आणि फहाद गेला. मला एक व्हिडिओ आला. पांढराशुभ्र रस्ता, मिठाने खरकटलेली काच, वायपर. फहाद दिसतच नव्हता. नुसता लहान पोरासारखा आवाज, “यम्मा, शूफी! यम्मा, शूफी!”

आई, बघ! आई, बघ!

*

आणि अबू यूसुफ, म्हणजे यूसुफचे वडील.

हे निवृत्त मुख्याध्यापक. बुटके, टापटीप, अंगात नेहमी इस्त्रीचा पांढरा, पायघोळ दिशदाशा. मुलगा यूसुफ शिकायला कॅनडाला गेला. शिक्षण संपलं, तिथेच नोकरी लागली, तिथलीच मुलगी मिळाली. घरी एक दिवस निरोप आला, ‘गाडी पाठवतोय.’

गाडी आली. यूसुफ नाही आला.

बंदरावरून ती थेट आमच्याकडे रिकव्हरी ट्रकवरून आली. अबू यूसुफ ट्रकवाल्याच्या शेजारी बसून. मीठ इतकं, की सावंतालाही चाखायची गरज वाटली नाही. काम बरेच दिवस चाललं. अबू यूसुफ रोज सकाळी येत आणि गाडीशेजारी उभे राहत.

शेवटच्या दिवशी आतली साफसफाई होती. ड्रायव्हरची सीट पार मागे होती, यूसुफ चांगलाच उंच असणार. खालचं कारपेट साफ करायला सावंताने ती पुढे घेतली. तेवढ्यात अबू यूसुफ आले.

“ला! ला!” ‘नाही, नाही’ करत ते ओरडले. इतक्या दिवसांत त्यांचा आवाज आम्ही कधी चढलेला ऐकला नव्हता. “सीट कुणी हलवली?”

सावंत तसाच उकिडवा बसून राहिला. बापट धावत आला. “बाबा, घाबरू नका. गाडीच्या लक्षात असतं.” त्याने दारावरचं एक नंबरचं बटण दाबलं. घुर्रर्र आवाज करत सीट हळूहळू मागे गेली, जराशी खाली झाली, पाठ किंचित कलली, आणि थांबली.

अबू यूसुफ बघत होते.

“परत,” ते म्हणाले.

बापटाने सीट पुढे घेतली आणि परत बटण दाबलं. घुर्रर्र. मागे, खाली, जराशी कलली.

“आणखी एकदा, मुहंदिस.” बापटाला त्यांनी इंजिनिअरच करून टाकलं.

आम्ही तिघं तिथेच उभे. बापटाने पुन्हा बटण दाबलं.

मग त्यांनी किल्ली मागितली. आज ट्रक नको, मीच नेतो, म्हणाले. ते आत बसले, तर पाय पेडलपासून वीतभर लांब. मी सीट पुढे घ्यायला हात घातला. त्यांनी माझं मनगट धरलं.

“नको. तो आला की त्याला परत लावत बसावं लागेल.”

ते उतरले, शांतपणे आमच्या ऑफिसात गेले आणि सोफ्यावरच्या तिन्ही उशा काखेत घेऊन आले. एकामागे एक पाठीशी लावल्या, टोकाला बसले, ब्रेक दाबून बघितला. पोचला! मग दिशदाशा सारखा केला, आम्हाला सलाम केला, आणि ती ढाण्या वाघासारखी गाडी बैलगाडीच्या वेगाने गेटबाहेर काढली.

आता दर गुरुवारी येतात. गाडी धुऊन नेतात.

उशा अजून परत दिलेल्या नाहीत.