आधी जीभ सांगा

चष्मा कपाळावर सारायचा, दोन्ही हात काउंटरवर टेकायचे आणि ओरडायचं, "आधी जीभ सांगा!" आमच्या कसबा बावड्याच्या रस्त्यावरच्या वाईन शॉपमधला तो माणूस. तुमच्यापैकी कुणी त्या रांगेत उभं राहिलं असेल तर तुम्हालाही त्यानं हेच विचारलं असणार. खिशात पैसे किती, हे त्यानं आधी कधी विचारलं नाही.

ओरडायला कारण होतं. दुकानात यायच्या आधी तो कबनूरला यंत्रमागावर होता. त्या खडखडाटात कान अर्धे गेलेले, आणि आपल्याला ऐकू येत नाही म्हणजे जगालाही येत नाही अशी त्याची समजूत. आपण पिशवी काखेत दाबून हळूच दोन शब्द बोलावेत, तर हा पठ्ठ्या समोरच्या पिठाच्या गिरणीला ऐकू जाईल असं विचारणार, "मामा, आज पण रमच का?" दळण घेऊन उभ्या असलेल्या बायका वळून बघायच्या. त्यात एकदा माझी विहीण होती.

बाटली कागदात गुंडाळायची तीही कापडाची घडी घालावी तशी. कड दाबून, कोपरा आत मोडून. मागं रांग तुंबलेली. कुणीतरी म्हणायचं, "अहो, लुगडं नेसवताय काय बाटलीला?"

"सुटली तर रस्ता तुम्हाला चाटाय लागंल, मला न्हाय!"

स्कॉच म्हटलं की माणसं डब्याला भुलतात. एक पावणं आले, जावयासाठी सगळ्यात महागातली द्या म्हणाले.

"जावई रस्सा कंचा वरपतो? तांबडा का पांढरा?"

"पांढरा. तिखट सोसत न्हाय त्याला."

"मग ही घशाला धरणारी कशाला नेताय? ही न्या, मऊ हाय. विलायतेतनं पिंपातनं येत्या, बाटलीत हितं भरत्यात, म्हणून निम्म्यात."

"पर त्या दुसरीवर बारा वर्षं लिवलंय की."

"लगीन जुळवताय व्हय, वय बघाय? आधी छोटी न्या. जावयाला आवडली तर मोठी न्या. न्हाय आवडली तर जावई बदला."

ते पावणं आठवड्यानं परत आले, कपाळाला हात लावूनच. जावई पुन्हा आला होता.

तो स्वतः घेत होता का, ते कुणी बघितलं नाही. त्याच्या हातात मी बघितली ती शेजारच्या टपरीवरच्या चहाची बशीच.

मी गुळव्या. गुऱ्हाळावर उकळता रस कधी उतरवायचा ते सांगणारा. बायको खाली चुलवाणात उसाची चिपाडं सारायची. रविवारी मी रम घेऊन बसलो की ती भाकरी थापत बघायची. एकदा म्हणाली, "मला एकदा ती विलायती पाजा की. साहेब लोक काय पित्यात, बघू तरी."

मी म्हणालो, "बाईमाणसाला काय करायची?" ती हसली आणि तव्यावरची भाकरी उलटली. पुन्हा काही तिनं मागितली नाही. मग ती गेलीच.

वर्षाचा निवद आला. गेलेल्या माणसाला जे आवडायचं ते पानावर ठेवायचं, अशी आमच्यात रीत. पुरुषांना बिडी ठेवतात, पेलाही ठेवतात. मग तिला का नाही? दुकानात गेलो, पण बायकोसाठी पाहिजे असं तोंडातनं निघेना. म्हणालो, "स्कॉच दे. परवडंल अशी."

"आधी जीभ सांगा!"

"इतकी वर्षं विकतोयस, माहीत न्हाय व्हय तुला?"

"रमची माहीत हाय. स्कॉचची सांगा. गोडाची का धुराची?"

तिला काय आवडायचं? घरात जन्मभर मला आवडायचं तेच शिजलं. मागची माणसं ढकलायला लागली. मग आठवलं. रसाची काहील उतरली की तिच्या कडेची करपलेली काकवी ती बोटानं निपटून खायची. चुलवाणाच्या राखेत वांगं पुरायची आणि साल पुरती न काढताच खायची. मी खेकसायचो. तेवढं सांगितलं.

त्यानं कपाळावरचा चष्मा खाली ओढला. "मामा, ही जीभ तुमची न्हाय." आणि मग मला वाकून ऐकावं लागलं इतक्या हळू, "मामींची का?"

मी मान हलवली.

वरच्या फळीवरची एक छोटी बाटली त्यानं काढली. "धूर हाय, पर खाली गोडी हाय. चमचाभर पाणी घाला. सोडा न्हाय, बर्फ न्हाय. बूच काढल्यावर डांबराचा वास येईल. खराब निघाली म्हणून माझ्याकडं पळत येऊ नका. दम धरा." त्या दिवशी त्यानं कागदाची घडी दोनदा घातली.

घरी आलो, बूच काढलं. डांबरच! त्याला दोन शिव्या हासडल्या. पाणी घातलं, बसून राहिलो. आणि पेल्यातनं गुऱ्हाळ वर आलं. चिपाडाचा धूर, करपलेली काकवी, तिचा पदर.

पत्र्यावर पान ठेवलं, शेजारी पेला. कावळ्यानं वडा उचलला, पेल्याला शिवला नाही. उरलेली मी घेतली. मला नाही आवडली. म्हणजे त्यानं बरोबर निवडली होती. जाऊन सांगितलं, तर गिरणीकडं तोंड करून ओरडला, "मामींना पसंत पडली!"

उन्हाळ्यात तो वारला. मला रांगेत कळलं. आता तिथं दुसरा माणूस बसतो, "बजेट बोला" म्हणतो. आपलं गुपित आपल्यापाशी राहतं. मला करमत नाही.

परवा पितृपक्षाचा म्हाळ घातला. तिच्या पेल्यासाठी बाटली आणायला गेलतो, म्हटलं त्याच्यासाठीही एक न्यावी. माझा तो कोण लागत नव्हता, तरी. फळीपुढं उभा राहिलो आणि अडलो. अख्ख्या बावड्याची जीभ विचारणाऱ्याची जीभ कुणी विचारलीच नव्हती. मीही नाही. टपरीवाल्याला विचारलं. तो म्हणाला, "आलं जास्त, साखर नुसती दाखवायला."

तसा चहा केला. बशी भरून पत्र्यावर ठेवली, तिच्या पेल्याशेजारी. आणि चार घरं बाहेर येतील अशी मोठ्यानं हाक मारली. हळू बोललेलं त्याला ऐकू यायचं नाही.