सिराकूजातला राहून गेलेला दिवस

सकाळचा चहा उकळायला ठेवला की सुनेत्राकाकू फोनवर सिराकूजाचं हवामान बघत. त्या राहत त्या ह्यूस्टनजवळच्या शुगर लँडचं बघायची गरज नसे. ते मे ते सप्टेंबर एकच असतं, न वाळलेल्या टॉवेलसारखं. सिराकूजाचं बघून झालं की त्या बेडरूमच्या दिशेनं मोठ्यानं सांगत, "आज तिकडे वारा सुटलाय हो. बोटी बाहेर पडल्या नसतील."

आतून कुमारकाका म्हणत, "बरं."

मग चहा गाळला जाई आणि दिवस सुरू होई.

काका तेलकंपनीत इंजिनियर होते, आता रिटायर्ड. दोघं नागपूरहून ह्यूस्टनला आली, त्याला चाळीस वर्षं होत आली असतील. मुलगी आरोही इथेच जन्मली, इथेच शिकली आणि नोकरीसाठी दूर रेडमंडला गेली. आरोही शाळेत जायला लागल्यावर काकूंनी एका दातांच्या दवाखान्यात फ्रंट डेस्कची नोकरी धरली. फोन घ्यायचे, अपॉइंटमेंट द्यायच्या, रडणाऱ्या पोरांना स्टिकर द्यायचे. त्यांच्या टेबलासमोरच्या भिंतीवर एक मोठा फोटो होता. चर्चची एक भिंत, आणि त्या भिंतीतून अर्धे बाहेर आलेले दगडाचे प्रचंड खांब. जणू भिंतीनं खांब गिळायला घेतले आणि ते घशातच अडकून राहिले.

डॉक्टर काम्पिसी म्हातारे होते, त्यांची आई फोटोतल्या गावची, सिराकूजाची. त्यांनी सांगितलं, की हे गाव आज इटलीत आहे, पण वसवलं ग्रीकांनी. अडीच हजार वर्षांपूर्वी त्यांनी तिथे देऊळ बांधलं. पुढे आलेल्यांनी ते पाडलं नाही. खांबांच्या मधल्या जागा तेवढ्या भरून घेतल्या आणि आत आपली प्रार्थना सुरू केली.

"हात लावता येतो?" काकूंनी विचारलं होतं.

"सगळे लावतात," डॉक्टर म्हणाले.

एक पेशंट गेला आणि दुसरा यायचा असला, की मधल्या वेळात डॉक्टर त्यांना सिराकूजाचा एक दिवस सांगत. कधी पहिल्यापासून, कधी मधूनच. सकाळी बदामाचा बर्फगोळा, ग्रानिता त्याचं नाव, आणि त्यात बुडवून खायचा मऊ पाव. हो, नाश्त्यालाच, हसू नका. मग बाजार. तिथे मासेवाले गाणं म्हटल्यासारखे ओरडतात. मग देऊळ. दुपारी बंदराजवळ वांग्याची आंबटगोड भाजी, पावाबरोबर, आणि घाई अजिबात करायची नाही. ऊन कललं की डोंगरात कोरलेलं थिएटर. वरच्या पायरीवर बसायचं, समुद्र दिसतो. शेवटी समुद्राला लागूनच असलेला गोड्या पाण्याचा झरा, त्यात बदकं.

काकूंना तो दिवस पाठ झाला. डॉक्टर वारले, दवाखाना बंद पडला, फोटो कुणी नेला कोण जाणे. दिवस तेवढा काकूंकडे राहिला.

आणि मग काकू सिराकूजाला गेल्यासुद्धा. म्हणजे, गेल्या असं म्हणता येईल.

काही वर्षांपूर्वी महाराष्ट्र मंडळातल्या पंधराजणांनी, सिराकूजा ज्या बेटावर आहे त्या सिसिलीची ट्रिप काढली. दिगंबर पाटणकर म्हणजे मंडळाचे कायमचे टूर मॅनेजर. सिराकूजाला एकच दिवस होता, आणि राहायला गावाबाहेर टेकडीवर एक मोठं घर. सकाळी सगळे बूट घालत असताना दिगंबर म्हणाले, "वहिनी, पाच दिवस ब्रेड खातोय. पोटाचा ब्रेड झालाय बघा. आज संध्याकाळी मुगाची खिचडी मिळाली असती तर…"

चौदा चेहरे काकूंकडे वळले. राइस कुकर त्यांच्याच बॅगेत होता. डाळ, तांदूळ, मेतकूट, पापड, सगळं त्यांच्याच बॅगेत. कुणी त्यांना थांब म्हटलं नव्हतं, हे काकू स्वतःशीही नेहमी कबूल करत. "तुम्ही या जाऊन," असं त्याच म्हणाल्या होत्या. वर "मी काय, उद्या सकाळी पटकन बघून येईन," असंही म्हणाल्या. म्हणताना त्यांना छानच वाटलं होतं. आपल्यावाचून चौदा माणसांचं अडतं, हे काही लहान सुख नाही.

कुकर छोटा होता. खिचडी तीन वेळा लावावी लागली. मग कांद्याची कोशिंबीर, मग टोमॅटोचं सार. ओट्यासमोरच्या खिडकीतून खाली समुद्र दिसत होता आणि त्यात घुसलेलं ते जुनं गाव, मधाच्या रंगाचं. काकू कांदा चिरत बघत राहिल्या. बाजार उठला असेल. आता देवळात असतील. आता वांग्याची भाजी.

संध्याकाळी मंडळी लाल होऊन परतली आणि खिचडीवर तुटून पडली. "वहिनी, यू आर अ गॉडेस!" कुणीतरी ओरडलं. दुसऱ्या दिवशी सकाळी बस लवकर निघाली. पुढच्या गावची बोट गाठायची होती.

त्या रात्रीपासून काकूंनी काकांना विचारायला सुरुवात केली. एका फोटोत काका त्याच खांबाला टेकून उभे होते, हातात पाण्याची बाटली.

"दगड कसा लागतो हाताला?"

"दगडासारखा."

"म्हणजे खरखरीत का गुळगुळीत?"

"असेल गं. मी बाथरूम शोधत होतो तेव्हा."

काकू हसत. हसून झाल्यावर मात्र फोटो मोठा करून काकांच्या खांद्यामागचा दगड बघत राहत.

गेल्या वर्षी गणपतीनंतर दिगंबरांचा फोन आला. "वहिनी, पब्लिक डिमांड! सिसिली पुन्हा करतोय. तुम्ही तर हव्याच."

"येते की," काकू म्हणाल्या. "पण भाऊजी, या वेळी मी कुकर आणणार नाही. रांधणार नाही."

पलीकडून मोठं हसू. "अहो, मग आम्ही काय दगड खायचे?"

"तिथली माणसं हजारो वर्षं काहीतरी खातच असतील ना."

"बरोबर आहे, बरोबर आहे. बघू, बघू."

आठवड्याभरात ग्रुपवर मेसेज आला, की सर्वानुमते स्वित्झर्लंड ठरलं आहे. तिथे हॉटेलात इंडियन बफे मिळतो. खाली टाळ्यांचे हात. काकूंनीही एक टाळी टाकली, फोन पालथा ठेवला आणि बराच वेळ बेसिन घासत राहिल्या.

रविवारी त्यांनी आरोहीला फोन लावला. "तुला ऑक्टोबरमध्ये सुट्टी मिळेल का गं?"

"व्हाय? बाबा ओके आहेत ना?"

"बाबांना काय झालंय. मला सिराकूजाला जायचंय. एकच दिवस बघायचंय. बाकी तू म्हणशील ते."

आरोहीनं कॅलेंडर उघडून बघितलं. मग म्हणाली, "आई, ओके. मी फ्रँकफर्टला भेटते तुला. पण तू खिचडी करायला लागलीस ना, आय अ‍ॅम लीव्हिंग."

काकांना चला म्हणायला काकूंनी बरेच दिवस तोंड उघडलं, आणि मिटलं. काका आले की वरणभात आला. त्यात त्यांचा दोष नव्हता; चाळीस वर्षं काकूंनीच त्यांची जीभ तशी सांभाळली होती. त्यांच्याशिवाय एकटीनं बंदराजवळ बसून जेवायचं, हे चित्र मात्र मनात नीट उभंच राहत नव्हतं. समोरच्या खुर्चीवर दरवेळी काका येऊन बसत. काकांनीही मी येतो म्हटलं नाही. त्यांनी फक्त तिकिटाची तारीख विचारली आणि गाडीत हवा भरून आणली.

निघायच्या दिवशी काकूंनी फ्रीजमध्ये काहीही करून ठेवलं नाही. दोनदा हात पोळपाटाकडे गेला. दोनदा त्या बाहेरच्या खोलीत येऊन बसल्या.

एअरपोर्टच्या वाटेवर हायवे तुंबला होता. काका दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरून समोर बघत होते. मग एकदम म्हणाले, "मी आठवायचा प्रयत्न केला. त्या खांबांचं. खरंच काही आठवत नाही."

"राहू द्या हो."

"नाही, ऐक ना. सगळे फोटो काढत होते. मला कळेना कशाकडे बघायचं. तू असलीस की सांगतेस, हे बघा, ते बघा. मी म्हणतो, बरं." ते थांबले. "तिथे कोणी सांगायलाच नव्हतं."

काकू काचेबाहेर बघत राहिल्या. शेजारच्या ट्रकमधला माणूस बर्गर खात होता. त्यांना वाटलं, आत्ता म्हणावं, चला तुम्ही पण, तिकीट काढू, जे मिळेल ते खाल. शब्द अगदी ओठावर आले. पण मग तो दिवस पुन्हा तसाच होईल, आणि आता हाताशी दिवस फार उरले नाहीत, हेही त्यांना ठाऊक होतं.

टर्मिनलसमोर काकांनी बॅग उतरवली. बॅग हलकी होती. त्यांनी ती एकदा उचलून बघितली, पुन्हा खाली ठेवली. ड्रॉप-ऑफच्या लेनमध्ये शिट्टी घेतलेली बाई हात हलवून गाड्या पुढे काढत होती.

"पुढच्या वेळी मी येईन," काका म्हणाले. "तिकडचंच खाईन. शपथ."

काकूंनी त्यांच्या शर्टाची कॉलर सरळ केली. मग बॅगेचा हँडल वर ओढला. मागून कुणीतरी हॉर्न दिला.

"मागे गाड्या खोळंबल्यात," त्या म्हणाल्या. "निघा आता तुम्ही."