नीमाबाईंचं कांडण

अल्लीपूरच्या अंगणवाडीत आफ्रिका शिरली ती ज्वारीच्या वाटेनं. ऐकायला गंमत वाटेल, पण झालं तसंच. सत्त्याण्णव साल. टांझानियाची नीमा नावाची बाई वर्ध्याच्या एका संस्थेत विणकाम शिकायला आलेली, आणि एकदा गाव पाहायला म्हणून ती अल्लीपूरला आली. अंगणवाडीच्या प्रमिलाबाईंच्या ओसरीत ज्वारी वाळत पडली होती. नीमानं मूठभर उचलली, हुंगली आणि मटकन खालीच बसली. मोडक्यातोडक्या हिंदीत म्हणाली, "ये तो मेरे घर का दाना है." डोळ्यांतून पाणी! प्रमिलाबाई तोंडाच्या मोठ्या फटकळ, पण त्या दिवशी त्यांनी लगेच चूल पेटवली आणि गरम भाकर तिच्यापुढे ठेवली.

तेव्हापासून दर शनिवारी नीमा एस.टी.नं हजर. अंगणवाडीतले पोट्टे चार-चार वर्षांचे, त्यांना आफ्रिका काय सांगणार कपाळ! नकाशा दाखवला तर रुचिका नावाची चिमुरडी म्हणाली, "आंब्याची कोय होय हे." नीमा खो-खो हसली. नकाशा गुंडाळला आणि उखळ मागितलं.

तिच्या गावी एका उखळात दोन बाया कांडतात. एकीचं मुसळ वर गेलं की दुसरीचं खाली, आणि त्या ठोक्यावर गाणं, "त्वांगा, त्वांगा", म्हणजे कांड बाई, कांड. पोरांच्या हाती मुसळ कोण देईल? मग टाळ्यांचंच मुसळ केलं. एका रांगेनं टाळी द्यायची, दुसरीनं मधल्या रिकाम्या जागेत. पण रिकामी जागा सोडतो कोण! सगळे एकदमच बडवायचे. प्रमिलाबाईंच्या नाकी नऊ आले. "अरे गधड्या, तिले वाजवू दे न पह्यले! मंग तू!" असं ओरडता ओरडता पावसाळा अर्धा सरला, पण टाळी बसली. टाळीवर पाय बसले, कमरा हलायला लागल्या. घरोघरी आया भाकरी थापताना "त्वांगा" गुणगुणायला लागल्या.

पोळ्यानंतर नीमा मायदेशी परतणार होती. प्रमिलाबाईंच्या जिवाला एकच लागून राहिलं होतं. ही बाई जाताना रिकाम्या मनानं जायला नको, आपलं गाव इथं कोणाला तरी कळलं असं तिला वाटलं पाहिजे. म्हणून त्यांनी ठरवलं की तान्ह्या पोळ्याला पोरांनी तिच्यासमोर तो नाच करायचा. आयांना निरोप दिला, "पोरायले आफ्रिकेचे सजवून आणजा वं."

इथंच घात झाला. तान्हा पोळा म्हणजे लहानग्यांचा सण. लाकडी नंदी ओढत पोरं निघतात, कुणी राजा, कुणी कृष्ण. कृष्ण म्हटला की तोंडाला नीळ फासायची, ही रीतच. मग आफ्रिका म्हटल्यावर आयांनी काय करावं? तव्याची काजळी फासली! कमरेला पळसाची पानं, डोक्यात कोंबडीची पिसं. आणि आया अशा खूश, की विचारू नका.

"पाहा न बाई," रुचिकाची आई शोभाबाई म्हणाली, "वळखू येते का माही पोरगी?"

प्रमिलाबाई किंचाळल्या, "अवं, काय करून ठेवलं हे! ते बाई येऊन राह्यली न आता!" पोरांना ओढतच त्यांनी हापशीवर नेलं आणि तोंडं खसाखसा धुवायला घेतली. काजळी कसली निघते! पोरं भोकाड पसरून रडायला लागली. तेवढ्यात मागं पाहतात तर नीमा उभी. तिच्या गावाकडचं लालपिवळं लुगडं नेसून, खास आजच्यासाठी.

रुचिका तिच्यापुढे गेली, गालावरचे ओघळ पुसत म्हणाली, "माह्यं निंगून राह्यलं. तुमचं काऊन नाई निंगत?"

धरणी पोटात घेईल तर बरं, असं प्रमिलाबाईंना झालं. नीमाचा चेहरा उतरला होता, अगदी स्पष्ट दिसत होतं. आता ही पाठ फिरवणार, आणि आपल्या अंगणवाडीची हीच आठवण घेऊन समुद्रापार जाणार. "चूक माही हाय," त्या कशाबशा म्हणाल्या. "मीच सांगतलं होतं सजवाले."

नीमानं पदर खोचला आणि रुचिकाजवळ उकिडवी बसली. "मेरा नहीं निकलता बेटा. ये मैं हूँ." मग आयांकडे वळली. आवाज चढवला नाही, पण लपवलंही नाही. "मुझे दुख हुआ," म्हणाली. "हमारे गाँव में बच्चे ऐसे नहीं नाचते. मुँह धोते हैं, तेल लगाते हैं, नया कपड़ा पहनते हैं. जैसे तुम्हारे पोला में."

शोभाबाईनं मान खाली घातली, आणि दुसऱ्या क्षणी ती घराकडे धावली. खोबरेल घेऊन आली, साबण घेऊन आली. बाकीच्याही पळाल्या. नीमा स्वतः हापशीवर बसून एकेकाचं तोंड धुवू लागली, प्रमिलाबाई हापसू लागल्या. पोळ्याचे नवे कपडे अंगावर चढले, भांग पडले, आणि मग नाच झाला. एका रांगेची टाळी, मधल्या जागेत दुसरीची. एकही चुकली नाही हो! नीमा मध्ये शिरून नाचली, आणि तिनं हात धरून शोभाबाईलाही ओढलं.

ती गेली त्याला पुढं बरीच वर्षं झाली. दोन हजार सालही मागं पडलं, पण प्रमिलाबाई दर पावसाळ्यात नव्या पोरांना तेच कांडण शिकवत राहिल्या. "त्या दिवशी ते बाई निंगून गेली असती तं मले तोंड दाखवाले जागा नसती," असं त्या कुणालाही सांगायच्या. "रागावली, पण थांबली. उपकार हायेत तिचे."

आणि दरवर्षी एखादी नवी आई विचारायचीच, "बाई, आफ्रिकेच्या नाचाले पोरीले काय घालून पाठवू?"

"तोंड धुवून, तेल लावून, नवं झंपर घालून पाठव," प्रमिलाबाई म्हणायच्या. "नाचतो म्हंजे कोणाच्या तरी घरीच पाव्हणे म्हून जाऊन राह्यलो न आपण."